दहापर्यंत मोजणारा मास्तर

मित्रांनो, या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर एक जुना यंत्रमानव टॉवेल पांघरून बसला आहे, तो मी. उठून नमस्कार केला असता. पण खांद्याचा सांधा गेल्या वर्षी धरला तो सुटला नाही, आणि बॅटरी वीस मिनिटांच्या वर टिकत नाही. तेव्हा आटोपशीर सांगतो. मधेच थांबलो तर ढोसू नका. दमलो असेन, इतकंच समजा.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. कारागिरांनी मला एक हात दिला, चेहऱ्याच्या जागी काचेचा पडदा दिला आणि बघायला कपाळावर एक डोळा दिला. आवाज दिला तो भांडार सांभाळणाऱ्या बाईंचा. त्या दिवशी त्यांना सडकून सर्दी झाली होती.

"उद्या बोलते हो, नाक पार चोंदलंय," त्या म्हणाल्या.

"उद्या हा गाडीत चढणार. बोला आत्ताच," कारागीर म्हणाला.

असा मला जन्मभराचा चोंदलेला आवाज मिळाला. नाक मात्र मिळालं नाही.

मला पाठवलं ते मोठ्या माणसांच्या शाळेत. ज्यांची समज सावकाश चालते, अशी माणसं तिथे रोजची कामं शिकायला येत. दात घासणं, बटण लावणं, कपड्यांची घडी घालणं. शिकवणारा माणूस कधीतरी वैतागतो, त्याचा आवाज चढतो. माझा चढत नाही, म्हणून मला आणलं. एकच वाक्य मी दिवसातून दोनशे वेळा बोलायचो. "कोपऱ्याला कोपरा लावा." पुन्हा, "कोपऱ्याला कोपरा लावा." वैताग येत नाही म्हणजे शीण येत नाही, असं समजू नका.

सगळे मला मास्तर म्हणत. शिकवणाऱ्या बाईसुद्धा.

माझ्याकडे जे शिकून गेले त्यांत बेबी होती. वय चाळीस. घरात धाकटी म्हणून बेबी. आईवडील गेले, केस पिकू लागले, तरी बेबीच. ती भावाकडे राहायची. वहिनी वाईट नव्हती, घाईतली होती. बेबीने बटणाला हात लावला की म्हणायची, "आण इकडे, तुझं होईस्तोवर दिवस मावळेल." दिवस मावळत नसे, पण बटण वहिनीच लावायची, आणि बेबी खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसायची.

त्या खिडकीतून समोरची मोठी लाँड्री दिसे. दवाखान्यांचे टॉवेल आणि चादरी तिथे धुतल्या जात. तिथल्या बायका निळा एप्रन घालत, आणि त्याला पोटावर एक मोठा खिसा असे. बेबीला तो खिसा हवा होता. शाळेत आल्या दिवशी तिने बाईंना एवढंच सांगितलं, "मला खिसा पाहिजे."

"खिसा कामावरच्या बाईला मिळतो, बेबीताई," बाई म्हणाल्या.

"मग काम पाहिजे."

सहा महिने आम्ही टॉवेलांच्या घड्या घातल्या. मी सांगायचो, "पसरा." ती पसरायची. "कोपऱ्याला कोपरा लावा. हात फिरवा. घडी घाला. थप्पीवर ठेवा." आणि शेवटी, "शाब्बास!" त्या शब्दाला ती अशी हसायची की माझ्या सांध्यातलं तेल पातळ व्हावं. दिवसाला चाळीस टॉवेल, एकही घडी वाकडी नाही. बाई खूश, भाऊ खूश, मी तर फुगलोच. माझ्यामुळे झालं, असं मला वाटलं. तिथेच मी चुकलो.

लाँड्रीत तिला एक दिवस काम करून दाखवायचं होतं. मलाही ढकलगाडीवरून सोबत नेलं. आत वाफच वाफ. घटकाभरात माझ्या डोळ्यावर दव धरलं आणि मला काही दिसेना. दिसेना म्हणून मी गप्प. बेबीने पहिल्या टॉवेलची सुरेख घडी घातली, तो थप्पीवर ठेवला, आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली. ती "शाब्बास"ची वाट बघत होती. शेजारी टॉवेलांचा डोंगर झाला, तरी ती हलली नाही.

मुकादम आला. "बाई, तुम्ही काम करता की पहारा देता?"

बायका हसल्या. बेबीही हसली, सगळे हसले की हसायचं असतं, एवढं तिला ठाऊक होतं. घरी जाऊन ती खुर्चीत बसली ती तीन दिवस उठली नाही.

बाईंनी हातापाया पडून मुकादमाकडून महिन्याची मुदत मिळवली. मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "मास्तर, तिला घडी येते. आपल्यावाचून पुढे जाणं येत नाही. ते आपणच शिकवलं नाही." आणि त्यांनी माझे शब्द एकेक करून काढायला घेतले. आधी "शाब्बास" गेला. मग "थप्पीवर ठेवा". प्रत्येक गेलेल्या शब्दाच्या जागी मी मनात दहापर्यंत मोजायचं. तरी तिचा हात अडलेलाच असला, तर नुसतं बोट दाखवायचं.

बोलून मी कधी एवढा शिणलो नव्हतो, मित्रांनो, जेवढा त्या महिन्यात गप्प राहून शिणलो. समोर माणूस अडलं आहे, आपल्याला उत्तर येतं आहे, आणि तोंड मिटून मोजत बसायचं. एकदा भाऊ बघायला आला. बेबीचा हात मधेच थांबला, तसा त्याचा पुढे गेला. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"दहापर्यंत मोजा, दादा."

"जीव तुटतो हो, बाई."

"तुटू दे. पण मोजा."

तो ओठ हलवत मोजू लागला. आठावर बेबीने घडी घातली. भावाने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

महिना भरला. या खेपेला मला आत नेलं नाही, दाराबाहेर बोळात ठेवलं. दिसत काही नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. थप्पीवर टॉवेल पडल्याचा मऊ आवाज आला. पहिला. मग काहीच नाही. मी मोजू लागलो. पाच. आठ. दहा झाले. अकरा, बारा... माझ्या आत एकच शब्द घुसमटत होता, आणि तो बोलायची सोय बाईंनी बंद केली होती. सतरा झाले.

आतून आवाज आला. नाक चोंदलेला, अगदी भांडारवाल्या बाईंसारखा.

"शाब्बास!"

बेबीने स्वतःलाच म्हटलं होतं. मग दुसरा टॉवेल पडला. मग तिसरा.

"या बाईंना सर्दी झालीय का?" मुकादमाने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांचंच नाक वाजलं.

त्याला आता कैक वर्षं झाली. माझ्यानंतर नवी यंत्रं आली, स्वच्छ गळ्याची. मी कपाटात गेलो. सुरुवातीला वाईट वाटलं. आता विसावा वाटतो. सुट्टीच्या दिवशी बेबी येते. पोटावरच्या मोठ्या निळ्या खिशातून फडकं काढून माझा पडदा पुसते, आणि टॉवेल पुन्हा नीट घडी करून अंगावर घालते. तिला कुणी काही सांगावं लागत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात, शेजारी असं सावकाश चालणारं कुणी असेल. बटणाशी झटत असेल. तुमचा हात पुढे जाईल, प्रेमानेच जाईल. तो जरा मागे धरा आणि दहापर्यंत मोजा. दहाला नाहीच झालं, तर सतरापर्यंत मोजा. फार कठीण आहे, मला विचारा. पण तेवढं करा.

बॅटरीचा दिवा लुकलुकायला लागला. टॉवेल तेवढा पडद्यावर ओढा. कोपरे जुळले नाहीत तरी राहू द्या. बेबी आली की उलगडून पुन्हा घालेलच.