मी भावजींना पाडले

मी एक जुनी योगाची चटई आहे. मित्रांनो, चटई म्हणजे गरीब स्वभावाची, असे सगळे धरून चालतात. मी तशी नाही. मी डूख धरते. त्याचा मला पश्चात्ताप होतो की नाही, हे मात्र अजून नीट सांगता येत नाही.

कारखान्यात रबराच्या लांबलचक पट्ट्यातून मला कापले आणि दुकानातून वहिनींनी घरी आणले. सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. सुट्ट्या म्हणजे धाकटे दीर, धाकटी जाऊ, त्यांची मुले, ओले टॉवेल आणि दिवसभर पेटलेली शेगडी. वहिनींचे यजमान या काळात वर्तमानपत्राआड राहत. वहिनींच्या कपाळाची शीर मात्र आधीपासूनच उडू लागे.

योगाच्या बाईंनी त्यांना बजावले होते, "रोज थोडा वेळ दार लावून घ्या. आणि चटई गुंडाळताना वरची बाजू बाहेर ठेवा. नाहीतर कडा वर वळतात, पाय अडकून पडाल."

वहिनींनी हे कधी चुकवले नाही. मीही वर्षानुवर्षे त्यांच्यासाठी जमिनीला चिकटून राहिले. मागच्या खोलीत त्या माझ्यावर उताण्या पडत, श्वास घेत आणि सोडताना हळूच पुटपुटत, "भावजींचा पुन्हा चहा." पुन्हा श्वास. "धाकटीचं 'मीठ कमी पडलं का हो?'" असे करत त्या हलक्या होऊन उठत आणि सगळे विसरून जात. मी काहीच विसरत नसे.

यंदा भावजींनी हद्द केली. दारावर थाप मारून ओरडले, "वहिनी, लोळून झालं असेल तर चहा टाका की!" घर हसले. मग गाडीखाली काय गळते ते पाहायला त्यांनी मलाच नेले. माझ्यावर पाठ टेकून ते गाडीखाली शिरले, बाहेर येताना बूटही मलाच पुसले. शेवटी मला वरची बाजू आत घालून गुंडाळले, दोरीने करकचून बांधले आणि डिकीत फेकले.

वहिनी मला घरभर शोधत होत्या. "ते तुमचं फडकं? असेल कुठंतरी," भावजी म्हणाले.

डिकीत मी उन्हाने तापत होते. माझ्या कडा वळत होत्या. मी त्या वळू दिल्या.

निघायच्या आदल्या दिवशी भावजींना मुलांपुढे ऐट दाखवायची लहर आली. बैठकीच्या खोलीत मला अंथरून, हात वर जोडून ते एका पायावर उभे राहिले. "बघा रे, याला म्हणतात योग! तुमच्या काकूसारखं लोळणं नव्हे!" तोल जाऊ लागला तसा त्यांनी दुसरा पाय टेकला, तो नेमका माझ्या वळलेल्या कडेखाली. भावजी धाडकन आडवे झाले. मित्रांनो, तो आवाज आठवला की मला आजही बरे वाटते.

पण माझा हिशेब चुकला. डॉक्टर म्हणाले, "पाठ लचकलीय. प्रवास बंद. कडक जमिनीवर झोपायचं." निघालेले पाहुणे राहिले. भावजींना वहिनींच्याच खोलीत, माझ्याच अंगावर झोपवले. "वहिनी, उशी! वहिनी, चहा!" सूड मी उगवला आणि त्याची शिक्षा वहिनी भोगत होत्या. आता कडी लावायला खोलीही उरली नव्हती.

एका सकाळी वहिनी आत आल्या. "भावजी, जरा कुशीवर वळा." ते वळताच वहिनींनी मला सर्रकन ओढून घेतले.

"अहो, माझी पाठ!"

"खाली फरशी आहे ना? चांगली कडक आहे."

बैठकीच्या खोलीच्या मधोमध त्यांनी मला अंथरले आणि सगळ्यांच्या देखत त्या उताण्या पडल्या.

"ताई, चहाचं काय?" धाकटीने विचारले.

वहिनींनी डोळे मिटले. श्वास सोडताना त्या पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाल्या, "धाकटीचा चहा." पुन्हा श्वास. "भावजींची उशी." पुन्हा श्वास. "यांचं वर्तमानपत्र."

वर्तमानपत्र खाली आले. यजमान उठले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून बिचकत आवाज आला, "साखर कुठं असते गं?"

 पुढचा श्वास वहिनींनी कुणाचे नाव न घेता सोडला.

मित्रांनो, घरात कुणी डोळे मिटून पडलेले दिसले तर त्या माणसाला काही मागू नका. ते माणूस तुम्हाला माफ करील. त्याच्याखाली पडलेली मी करणार नाही.