औकातीचं मूळ

शब्दकोशाच्या कचेरीत 'औ' अक्षराची पानं तपासायला आली, तेव्हा तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आदल्या दिवशी जेवताना थोरल्या दिरांनी तिच्या नवऱ्याला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "आधी आपली औकात बघ, मग मला शहाणपण शिकव." निमित्त काय, तर दुकानातल्या आजारी नोकराचा पगार कापू नये, एवढंच तो म्हणाला होता. स्वतःचा छापखाना बुडाल्यापासून तो भावाच्याच दुकानाची गाडी चालवायचा. त्याने ताट सारलं आणि उठला. ती मात्र बसून राहिली, आणि तेच तिला खात होतं.

आज नेमका तोच शब्द समोर. जुन्या नोंदीत 'ऐपत, लायकी, दर्जा' एवढंच होतं. तिने मोठाले कोश उपसले. मूळ अरबी निघालं. वक्त म्हणजे वेळ, आणि औकात हे त्याचंच अनेकवचन. नुसत्या वेळा, त्यात ना पैसा, ना पायरी. तिला बसवेना. डोकं दुखतंय अशी थाप मारून ती निघाली आणि दुकानामागच्या गोदामापाशी गाडीत माल भरणाऱ्या नवऱ्याला तिने गाठलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग खोकं खाली ठेवत म्हणाला, "दादाला कुठे अरबी येतं? त्याला काय म्हणायचं होतं ते मला बरोबर कळलं. तुलाही कळलं होतं."

गाडीभोवती ती नुसत्या येरझारा घालत राहिली. मग तिने हात पुढे केला. "अहो, किल्ली द्या."

दीर गल्ल्यावर होते. किल्ली त्यांच्यापुढे ठेवत ती म्हणाली, "भाऊजी, काल यांच्याबरोबर मीही उठायला हवं होतं. उद्यापासून हे गाडीवर येणार नाहीत."

घर कशावर चालवणार, असं त्यांनी विचारलं. तिच्या पगारात ओढूनताणून महिना निघेल, पुढचं ठाऊक नाही, असं तिने सरळ सांगून टाकलं.

मागोमाग आलेला नवरा तिच्यावरच उखडला. निदान मला विचारायचं तरी, म्हणाला. पण उद्या येतो असं काही तो भावाला म्हणाला नाही. भरलेला माल पोचवायचा होता, म्हणून त्याने किल्ली तेवढ्यापुरती मागून घेतली. दिरांनी मान वर न करता ती पुढे सरकवली.

ती गाडीत त्याच्या शेजारी बसली. तो नेहमीपेक्षा जोरात हाकत होता.

"गाडी चालवायला दादानेच शिकवलं मला," तो मध्येच म्हणाला, आणि त्याने वेग कमी केला.