तिशोद गांव कहां है

नाना घरातून गेले तेव्हा त्यांची कवळी वाटीत, पाण्यात तशीच पडलेली होती. चष्मा मात्र त्यांनी घातला होता. पायात बायकोच्या, कुसुमताईंच्या चपला होत्या. दुपारी बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातली ती गल्ली अगदी सामसूम असते. भाजी निवडता निवडता कुसुमताईंचा जरा डोळा लागला, तेवढ्यात ते कडी काढून बाहेर पडले. एका रिक्षावाल्यानं त्यांना लालबागला स्टेशनवर सोडलं, एवढं नंतर कळलं. "मास्तर साहब को कौन नहीं जानता, मुझे लगा बेटे को लेने जा रहे हैं," तो सांगत होता. स्टेशनावर ते कुठल्या गाडीत चढले, हे कुणीच पाहिलं नव्हतं.

नाना, म्हणजे दत्तात्रय चौधरी, मराठी शाळेत गणित शिकवायचे. गेली दोन-तीन वर्षं त्यांची आठवण अलीकडून पलीकडे पुसत चालली होती. आधी आठवणीतून नात गेली, मग मुलाचं लग्न, मग शाळा. शेवटी उरलं ते तिसवद, तापीकाठचं त्यांचं जन्मगाव. ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा नाना कॉलेजात होते. तरी दिवेलागणीला ते रोज उठायचे आणि म्हणायचे, "चला, तिसवदले जाऊ. माय वाट पाहत असंल."

पोलिसांत तक्रार झाली. खंडव्यापासून भुसावळपर्यंत कागद चिकटवून झाले. पहिल्या आठवड्यात फोन येत होते, सगळे चुकीचे. पुढे तेही थांबले.

निरंजन, त्यांचा मुलगा, लालबागला केळीच्या टिश्यू कल्चर रोपांच्या एका नर्सरीत कामाला होता. त्याचं काम रोपांचं नव्हतं, शब्दांचं होतं. कुणी इंटरनेटवर 'केळीची रोपं' असं शोधलं की सगळ्यात वर नर्सरीची जाहिरात यावी, म्हणून असे शब्द पैसे देऊन घ्यायचे. मग कुठल्या शब्दावरून लोक आले, कुठल्या शहरातून आले, पानावर किती थांबले, फोन लावला की नाही, हे रोज सकाळी तपासायचं. वाया जाणारे शब्द काढायचे, कामाचे ठेवायचे. घरात कुणाला हे नीट समजत नसे. नाना बरे होते तेव्हा एकदा म्हणाले होते, "म्हणजे लोक काय विचारतात त्याचा तू हिशेब ठेवतोस. चांगलं आहे."

फोन थांबले तेव्हा निरंजनच्या मनात आलं, नाना ज्याच्या दारात बसले असतील, तो माणूस काहीतरी शोधेलच ना? आजकाल कोण शोधत नाही?

नर्सरीचा मालक चेतन त्याच्याच वयाचा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "यार, अपने अकाउंट से ही चला दे," तो म्हणाला. "पूछना क्या है इसमें?"

निरंजननं जाहिरातीतून उघडेल असं नानांचं एक पान बनवलं. वर नाव, खाली फोन नंबर, मध्ये फोटो. वाद झाला तो फोटोवरून.

दीपालीनं, निरंजनच्या बायकोनं, आपल्या मोबाइलमधला फोटो दाखवला. दिवाळीनंतरचा होता. नाना ओट्यावर बसलेले, दाढीचे खुंट वाढलेले, कवळी नाही, गाल आत गेलेले, नातीकडे पाहून तोंडभर हसत होते.

"आई, आता ते असेच दिसतात," दीपाली म्हणाली. "कवळी तर घरीच राहिली आहे."

कुसुमताईंनी मोबाइल दूर सारला. "हा फोटो नको. अख्ख्या गावानं पाहायचा का हा? विद्यार्थी आहेत त्यांचे ठिकठिकाणी. निवृत्तीच्या दिवशीचा लाव. कोट घातलेला."

"पण आई, ओळखायला—"

"बोळकं तोंड घेऊन ते कधी उंबऱ्याबाहेर गेले नाहीत, दीपाली. मी जाऊ दिलं नाही."

कुसुमताई रडत होत्या. निरंजननं निवृत्तीच्या दिवशीचा फोटो लावला. कोट, मिशा, पांढरेशुभ्र दात, हातात नारळ.

पहिल्यांदा त्यानं घेतले ते साधे शब्द होते. हरवलेले वृद्ध, लापता बुजुर्ग, बुरहानपुर गुमशुदा. दुसऱ्या दिवशी आकडे पाहिले तर जवळजवळ सगळे बुऱ्हाणपुरातलेच. शेजारी, नातेवाईक, जुने विद्यार्थी. ज्यांना माहीत होतं तेच परत परत पाहत होते. काही लोक दूरचे होते, पण ते आपापलं माणूस शोधत होते. 'मां मंदिर से लापता'. 'भाई मानसिक कमजोर घर नहीं आया'. ते निरंजनच्या पानावर यायचे, परका चेहरा बघून क्षणात परत जायचे. नर्सरीच्या कामात असे शब्द तो दोन मिनिटांत काढून टाकायचा. इथे त्याचा हात थांबायचा.

संध्याकाळी तो कुसुमताईंजवळ बसला.

"आई, नाना कुणाला आपलं गाव कोणतं सांगतील?"

"बुऱ्हाणपूर कशाला सांगतील? ते त्यांच्या डोक्यात आहे कुठं आता?" त्या म्हणाल्या. "तिसवदच सांगतील."

निरंजन ताठ बसला. तिसवद हे नाव आता जगात कुणी शोधत नसणार. बाहेरच्या एखाद्या शहरातून ते कुणी शोधलं, तर त्याच्यासमोर नाना उभे असणार.

त्यानं लगेच तो शब्द टाकला. मात्र जाहिरातीच्या यंत्रणेनं शब्दापुढे शेरा मारला. हा शब्द फारच कमी लोक शोधतात, म्हणून यावर जाहिरात दाखवली जाणार नाही. निरंजननं तो शेरा तीनदा वाचला. कुणी शोधत नाही, म्हणून तर तो शब्द त्याला हवा होता.

तेव्हा त्यानं आडवाट धरली. 'गांव कहां है', 'गांव किस जिले में' असे मोठे, मोघम शब्द घेतले. बुऱ्हाणपूरवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या शहरांपुरतेच. आणि पानावर ठळक लिहिलं, की हे गृहस्थ आपलं गाव तिसवद सांगतात.

"तसं नाही सांगणार ते," मागून वाचत कुसुमताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"कवळी नाही ना तोंडात." त्यांनी ओठ आत ओढले, गाल आवळले आणि नवऱ्याचं बोलणं काढलं. "तिशोद. तिशोदले जानं." मग पुन्हा, जरा घाईत, "तिहोद."

दीपाली पोळ्या लाटायची थांबली. इतकं हुबेहूब होतं ते. निरंजन लिहीत गेला. तिशोद, तिहोद, तिसोद, चिशोद. कुसुमताई एकेक उच्चार करून पाहत होत्या, मान हलवत होत्या, पुन्हा करत होत्या. मग एकदम त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या.

त्यानंतर रोज सकाळी निरंजन लोकांनी टाईप केलेली गावं वाचायचा. कुणी सासरचं गाव शोधत होतं, कुणी नोकरीचं, कुणी देवाचं. जे नाव चुकीचं ते 'हे नको' म्हणून तो वगळायचा. काही शोध ती यंत्रणा दाखवतच नसे, नुसतं 'इतर' म्हणून एका ओळीत टाकत असे. त्या ओळीकडे तो फार वेळ बघत राहायचा. चेतन एकदा मागे येऊन उभा राहिला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

थंडी वाढली. कुसुमताई रोज विचारायच्या, "आलं का कोणी?" तो म्हणायचा, "पाहतोय."

आणि एक दिवस हवी ती ओळ आली. 'तिशोद गांव कहां है'. शहर इटारसी. माणूस एकच. आकडे आदल्या दिवशीचे होते. एरवी लोक पानावर दहा-वीस सेकंद थांबत. हा माणूस चार मिनिटांहून जास्त थांबला होता. पण फोन लावलेला नव्हता.

निरंजननं ती ओळ पुन्हा वाचली. इतका वेळ पाहिलं, तर फोन का केला नाही? त्यानं तिथल्या तिथे फोटो बदलला. दीपालीचा लावला. इटारसीच्या पोलिसांना फोन केला, रेल्वेच्या ठाण्यात केला. घरी एवढंच सांगितलं, की एक खबर आहे, पाहून येतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो निघाला.

इटारसीला स्टेशनच्या आसपासच्या दुकानांतून तो मोबाइल दाखवत फिरला. एका चहावाल्यानं फोटो जवळ घेतला. "ये तो मालवीय जी वाले बाबा हैं," तो म्हणाला आणि मागच्या रस्त्यावरची धर्मशाळा दाखवली.

मालवीय हे धर्मशाळेचे व्यवस्थापक. साठीचे, स्वेटरवर मफलर गुंडाळलेले. फोटो पाहून ते उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. तेव्हाच निरंजनला कळलं.

"बैठिए बेटा," ते म्हणाले.

"कब?"

"आज सुबह-सुबह. सरकारी अस्पताल में. परसों रात से बुखार था, छाती भर गई थी. हमने ही भर्ती कराया."

निरंजन बाकावर बसला. मालवीय पाणी घेऊन आले. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. बाबा फाटकाशी बसलेले सापडले होते, अनवाणी. आधी कुठे कुठे फिरले, कोण जाणे. बोलायचे ते मराठीत, अर्धं कळायचं. जेवण द्यायचं तर वरण-भात कालवून द्यावा लागे. रोज संध्याकाळी उठून फाटकाशी जायचे, 'तिशोद, तिशोद' म्हणायचे.

"हमने सोचा गांव का नाम होगा. मोबाइल पर देखा. आपका पन्ना खुला."

"मग फोन..." निरंजननं पाण्याचा पेला खाली ठेवला. "फोन क्यों नहीं किया आपने?"

मालवीय खाली पाहत राहिले. "कैसे बताऊं. फोटो में तो सूट-बूट वाले साहब थे, मूंछें, भरा हुआ चेहरा. और ये... हड्डी का ढांचा. हमें जंचा नहीं. फिर भी हमने मोबाइल उन्हीं के हाथ में दे दिया. कहा, बाबा, देखो तो, ये आप हो क्या?"

"मग?"

"बहुत देर देखते रहे. चश्मा एक तरफ से टूटा था, तो मोबाइल पास ले जाकर देखते रहे. उंगली फेरी उस पर. फिर बोले..." मालवीयांनी आठवून आठवून मराठी शब्द जुळवले. "बोले, हे मोठे मास्तर दिसतात. मला नाही ओळखत ते."

बाहेर कुणीतरी बादली घासत होतं. निरंजनला ते चार मिनिटांचे आकडे दिसत राहिले. नर्सरीच्या टेबलाशी बसून त्यानं ज्याच्यावर डोकं फोडलं होतं, तो वेळ नानांचा होता. नाना पानावर आले होते. पाहून गेले होते.

"गलती हमसे हुई," मालवीय म्हणाले. "एक घंटी मार देते तो क्या जाता."

"नहीं," निरंजन म्हणाला. ज्या माणसानं आपल्या बापाला भात कालवून दिला, त्याला काय बोलायचं?

रुग्णालयातल्या माणसानं चादर बाजूला केली. नाना फार लहान दिसत होते. दाढी पांढरी, वाढलेली. निरंजननं त्यांच्या कपाळावर हात ठेवला. मग कागदांवर सह्या केल्या आणि गाडी ठरवली. मालवीय खंडव्यापर्यंत सोबत आले, नको म्हटलं तरी.

तापीवर अग्नी दिला तेव्हा नानांचे कितीतरी विद्यार्थी आले होते. पलीकडच्या जैनाबादहूनही माणसं आली. कुणी कुणी म्हणालं, "सापडले तरी. तोंड तरी पाहायला मिळालं." निरंजन हो म्हणत राहिला.

दिवस झाले. पाहुणे गेले. निरंजननं नर्सरीत जाऊन ती जाहिरात बंद केली. शेवटच्या दिवसाच्या शोधांमध्ये कुणीतरी लिहिलं होतं, 'पिताजी का गांव कहां था'. ते त्यानं वाचलं आणि मग केळीच्या रोपांचं पान उघडलं. हंगामाचे शब्द ठरवायचे राहिले होते. चेतन घाई करत नव्हता, पण कामं तुंबली होती.

त्या संध्याकाळी कुसुमताई ओट्यावर बसल्या होत्या. दीपाली दारात तांदूळ पाखडत होती.

"निरू," त्या म्हणाल्या, "तू ते इंटरनेटवर टाकलेलं, ते कोणी पाहिलं होतं का रे?"

निरंजननं दीपालीकडे पाहिलं. तिला त्यानं सगळं सांगितलं होतं. तिनं सूप खाली ठेवलं नाही, पण तिचे हात थांबले.

"पाहिलं होतं," तो म्हणाला. "त्या धर्मशाळेतल्या मालवीयांनी पाहिलं. नानांनाही दाखवलं."

"त्यांना?" कुसुमताईंचा चेहरा त्याच्याकडे वळला. "तो कोटातला फोटो?"

"हो."

"मग? काय म्हणाले?"

रस्त्यावरून केळीचा एक ट्रक गेला.

"म्हणाले, हे मोठे मास्तर दिसतात."

कुसुमताईंनी डोळे मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर थोडा सैलपणा आला.

"ओळखलं म्हणजे," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं ना, तोच फोटो लाव. त्या दुसऱ्यात त्यांना कोणी ओळखलं नसतं."

"हो आई," निरंजन म्हणाला.

दीपाली सूप घेऊन उठली आणि आत गेली. स्वयंपाकघरातला नळ तिनं पूर्ण सोडला, तो बराच वेळ वाहत राहिला.