शेवटच्या प्रवेशातला अंधार

चिमणीने सकाळपासून नवऱ्याला अडगळीच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. दार लोटलेलं, खिडकीवर जाड चादर, आणि समोर बायको दोन कॅमेरे घेऊन उभी. एक तिचा जुना, दुसरा दुकानदाराने दिवसभर वापरून बघायला दिलेला नवा.

"अगं, मी काय चोर आहे कोंडून ठेवायला?" तो कुरकुरला.

"हलू नकोस. नाकावर फोकस आहे."

चाळिशी उलटली तरी घरात सगळे तिला चिमणीच म्हणत. लग्नांचे फोटो काढून तिचं झकास चाललं होतं. तिथे जुन्या कॅमेऱ्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. घोडं अडलं होतं ते ताईपाशी. ताई नाटकांची प्रकाशयोजना करायची. तिच्या प्रत्येक नाटकाची फोटो रिहर्सल असायची, म्हणजे पहिल्या प्रयोगाआधी रिकाम्या नाट्यगृहात फक्त कॅमेऱ्यासाठी सगळं नाटक उभं करायचं. तिथे फोटो काढायला चिमणीच. आणि दर वेळी अंधारातल्या प्रवेशाचे फोटो असे यायचे, जणू कुणी वरून वाळू भुरभुरली आहे!

ताई त्यावर कधी चकार शब्द बोलली नाही. गेल्या आठवड्यात मात्र म्हणाली, "चिमणे, हे माझं शेवटचं नाटक. रविवारी दुपारी त्याचा शेवटचा प्रयोग. लिहिणाऱ्याचं पुस्तक राहतं, शिवणाऱ्याचे कपडे राहतात. माझं काय? बटण बंद केलं की संपलं. शेवटच्या प्रवेशाचा एक तरी धड फोटो दे गं."

चिमणीला इतकं वाईट वाटलं की तिने रविवारचं लग्न दुसऱ्या फोटोग्राफरला देऊन टाकलं आणि तडक दुकान गाठलं.

आता नव्या कॅमेऱ्यात नवऱ्याच्या नाकावरचा तीळ लख्ख दिसत होता. जुन्यात तो तीळ की फोटोतला वाळूचाच दाणा, काही पत्ता लागेना. शिवाय जुना दर फोटोला खटॅक करायचा आणि नव्याचा आवाजच नाही.

"मग घेऊन टाक की," नवरा म्हणाला.

"तुझ्या नाकासाठी घेऊ? ताईच्या अंधारात काय दिवे लावतो ते बघू दे आधी!"

दुपारी नवा कॅमेरा घेऊन ती नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत कडेला बसली. ताईच्या नाटकाचा अख्खा प्रयोग ती पहिल्यांदाच बघत होती. सगळे प्रयोग सुट्टीच्या दिवशी आणि लग्नंही तेव्हाच, मग वेळ कुठून काढणार?

शेवटचा प्रवेश आला. खिडकीशी एक म्हातारी मुलाची वाट बघत बसलेली. चिमणीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि मनातल्या मनात टाळीच वाजवली. काय कॅमेरा आहे! म्हातारीच्या गालावरची पावडर दिसत होती, भिंतीला ठोकलेले खिळे दिसत होते. अंधार म्हणून कुठे उरलाच नव्हता.

मान अवघडली म्हणून तिने कॅमेरा खाली घेतला, आणि बघते तर काय! स्टेजवर जवळजवळ काहीच नव्हतं! खिडकीची एक कड, पांढरे केस आणि गजांवरचा एक हात, बस्स. फोटो रिहर्सलला तर इथे याहून बराच उजेड होता. उजेड कमी-जास्त करणारा डिमर बिघडला की काय? शेवटच्या प्रयोगाला ताईच्या नशिबी हे यावं?

ती घाबरून मागे ताईच्या लाइटच्या केबिनकडे बघायला वळली, तर मागच्या रांगांमधली माणसं पुढे झुकून बसलेली. एकाचाही खोकला नाही. उजेड अजून उतरत होता, इतका हळू की उतरतोय हे कळतही नव्हतं. केस गेले, मग खिडकी गेली. एकटा हात राहिला.

चिमणीने कॅमेरा परत उचलला. या वेळी तिने आधी डोळ्यांना काय दिसतंय ते पाहिलं आणि कॅमेऱ्यात तेवढंच दिसेपर्यंत सेटिंग खाली खाली आणत नेलं. फोटो जवळपास काळाच आला.

पडदा पडल्यावर ती धावतच केबिनमध्ये शिरली. "ताई, डिमर बिघडला होता का गं?"

"छे! प्रयोगाला असंच असतं."

"मग फोटो रिहर्सलला?"

ताई ओशाळली. "पहिल्या नाटकाच्या वेळी तुझे सगळे फोटो काळे आले आणि विंगेत रडत बसली होतीस. आठवतं? तेव्हापासून तुझ्यासाठी उजेड वाढवून ठेवायचे."

चिमणीने कपाळाला हात लावला. इतक्या वर्षांच्या फोटोंमध्ये ताईचा प्रकाश कधी आलाच नव्हता. तिने कॅमेऱ्यातला नवा फोटो पुढे केला. ताईने चष्मा वर केला, पदराने डोळे पुसले, परत पाहिलं.

"हे माझं," ती म्हणाली. "घेऊन टाक हा कॅमेरा."

"घेते. पण यापुढे माझ्यासाठी उजेड वाढवायचा नाही."

"यापुढे कुठलं आलंय, वेडे? संपलं ना आज."

ताईने केबिनच्या खिडकीतून वाकून पाहिलं. नाट्यगृह रिकामं झालं होतं, पडदा वर घेतलेला होता, सेट अजून कुणी हलवला नव्हता.

"जा, तिसऱ्या रांगेत बस," ताई म्हणाली. "तो कॅमेरा इथेच ठेव."

चिमणी जाऊन बसली. मागे ताईने डिमरवर बोट ठेवलं आणि रिकाम्या खिडकीवरचा उजेड फक्त तिच्यासाठी हळूहळू उतरू लागला.