कॅलेंडरवरचे ठिपके

आग्नेसच्या स्वयंपाकघरात स्टोव्हच्या वर चर्चचं कॅलेंडर टांगलेलं असे. सणांचे आकडे लाल, मांस वर्ज्य असलेल्या उपवासाच्या दिवसांवर छोट्या माशाचं चित्र. १९७३ सालच्या त्या कॅलेंडरवर तिने आणखी खुणा केल्या होत्या, पेन्सिलीच्या टोकाने, सासूला दिसू नयेत एवढ्या बारीक. ठिपका असेल तो दिवस जपायचा, नवऱ्यापासून लांब राहायचं. नसेल तो निर्धास्त. मूल टाळायचा, चर्चला चालणारा तेवढा एकच मार्ग होता.

पण बी.ए. झालेल्या बाईचंही गणित शरीर ऐकत नाही. मे महिन्यात पाळीची तारीख उलटून अकरा दिवस गेले. भाकरी थापताना, धाकट्या रिटाला पाजताना तिला एकच वाक्य ऐकू येई. रिटाच्या वेळी रक्त थांबेना, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "तीन झाली. चौथ्याला मी तुम्हाला वाचवीन, या भरवशावर राहू नका."

बाराव्या दिवशी पाळी आली, सुटका झाली. त्याच आठवड्यात शेजारच्या गोदूबाईला सोबत घेऊन ती लाल त्रिकोणाच्या, कुटुंबनियोजनाच्या दवाखान्यात गेली आणि गर्भ राहू नये म्हणून लूप बसवून आली.

"आता कशाला भ्यायचं?" मूळची मानकोलीची गोदूबाई वाटेत म्हणाली. "तुमच्या देवाला काय दुसरी कामं न्हाय?"

आग्नेसला हसू आलं नाही. एक भीती गेली होती, दुसरी, पापाची, आत शिरली होती.

भिवंडीत त्यांच्या धर्माची दहा-बाराच कुटुंबं. पंधरवड्यातून एकदा ठाण्याहून फादर येत आणि शाळेच्या एका खोलीत मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, करीत. कन्फेशनमध्ये, पापांची कबुली देताना, तिने सगळं सांगितलं. फादर म्हणाले, "संततिनियमनाबद्दल पोपसाहेबांचं पत्र स्पष्ट आहे, कृत्रिम साधन नको. ते काढून टाक, मग कम्युनियनला ये."

एवढ्याशा खोलीत कम्युनियनला, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला, कोण उठलं नाही, हे सगळ्यांना दिसतं. दोन मिस्सा ती बसून राहिली. मागच्या बाकावर कुजबुज झाली. तिचा नवरा इनास लूमच्या कारखान्यात जॉबर, यंत्रमागांची देखरेख करणारा. तो म्हणाला, "फादर सांगतात तर काढून टाक. पुढचं देव बघेल."

लूप काढायला तिने सोमवार ठरवला. शनिवारी सहा वर्षांच्या लीनाला ती रिटाचं दूध गार कसं करायचं ते शिकवत होती. शिकवता शिकवता तिचा हात थांबला. आपण हे आत्ताच का शिकवतोय?

रविवारी तिसरी मिस्सा. कम्युनियनची रांग लागली. तिची सासू कातरीनबाई एरवी रांगेत पहिली असे. आज ती हललीच नाही.

"आई, जा ना," आग्नेस कुजबुजली.

"तू बसलीस, मी बसले."

मिस्सा संपली. खोली रिकामी झाली तसे फादर जवळ आले. "कातरीनबाई, बरं नाही का?"

"मी बरी हाय. ही का उठत नाय, तेवढं सांगा."

"कन्फेशनमधलं मला बोलता येत नाही, बाई."

"तुम्ही नका बोलू. गोदूबाईच्या पोटात काय राहतंय होय? मला सगळं ठाऊक हाय." मग ती सुनेकडे वळली. "आणि त्या ठिपक्यांचा अर्थ मला कळत नाय असं वाटलं तुला? मीपण दिवस मोजलेत, बाय. जपमाळेच्या मण्यांवर. मोजून मोजून नऊ झाली. चार पुरली."

फादर हळू आवाजात म्हणाले, "नियम मी केलेला नाही. बदलणं माझ्या हाती नाही."

"पोपसाहेबांपुढं मी गुडघे टेकते. पण हिच्या खाटेशी मी उभी होते, रक्ताची चादर मी धुतली. उद्या ही ते काढून आली आणि वर्षाने गेली, तर मयताची मिस्सा तुम्हीच करणार. या तीन पोरांना तेव्हा काय सांगाल? नियम माझा नव्हता?"

फादर बाकावर बसले. "ठाण्याला आम्ही पाद्री जमतो, तेव्हा या एकाच विषयावर आवाज चढतात. कोणी म्हणतं, आज्ञा ती आज्ञा. कोणी म्हणतं, सदसद्विवेक हाही देवाचाच आवाज. मी पहिल्या बाजूला बसतो. तिथे जबाबदारी कमी असते." त्यांनी आग्नेसकडे पाहिलं. "पोरी, तुला भीती कोणाची वाटते? देवाची की माझी?"

"मरणाची, फादर."

बाहेर लूमची खडखड चालू होती.

"उद्या जाऊ नकोस," फादर शेवटी म्हणाले. "पत्र तू वाच, प्रार्थना कर, आणि देवापुढे तुझं तू ठरव. ते मी आधीच सांगायला हवं होतं. पुढच्या खेपेला रांगेत ये. मी तुला परत पाठवणार नाही. वरच्यांना उत्तर द्यायचं ते मी देईन."

घरी आल्यावर कातरीनबाईने ओल्या बोटाने कॅलेंडरवरचे ठिपके पुसले. आग्नेसची भीती एका दिवसात गेली नाही. पण ती आता एकटीची राहिली नाही.

वाचकहो, धर्म कोणताही असो, आज्ञा देणाऱ्याने आधी बाळंतिणीच्या खाटेशी उभं राहावं. आणि आपल्या घरातली एखादी बाई रांगेतून मागे राहिली, तर कुजबुजण्याआधी तिच्या शेजारी जाऊन बसावं!