मुलाखतीच्या कोटाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे. मला खिसे चार आहेत, पण तोंड नाही. माझं सगळं दुःख या एका वाक्यात आलं.

कोरियातल्या सोल शहरात, एका चढावरच्या गल्लीत मा आजोबा नावाच्या शिंप्याने मला शिवलं, स्वतःच्या नातवासाठी, ग्वांग-मिनसाठी. अस्तर मऊ, खांदे ताठ. पाठीच्या चिरेवर आजोबांनी पांढऱ्या धाग्याची फुली घातली होती. तो कच्चा टाका. घालण्याआधी काढायचा असतो. ग्वांग-मिनला ते ठाऊक नव्हतं. पहिल्या मुलाखतीहून निघताना त्याने कमरेत वाकून नमस्कार केला, वळला, आणि ती पांढरी फुली सगळ्या साहेबांनी पाहिली. मी काय करणार? कोटाला स्वतःचा टाका स्वतः उसवता येत नाही.

पुढे त्याला नोकरी लागली, त्याचं पोट सुटलं, आणि मी ओक-बुन काकूंच्या दुकानात आलो. मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना काकू चार दिवसांसाठी फुकट कपडे देतात. तिथे माझं फार कौतुक झालं. ‘भाग्याचा कोट’ म्हणत मुलं मला मागून घेत. पण त्यांच्या पाठीला चिकटून मी काय काय सोसलं, ते मलाच माहीत. कुणी जुन्या मालकाची निंदा सुरू केली. कुणी कंपनी काय बनवते तेच वाचून आला नव्हता. एकाचा फोन माझ्याच खिशात वाजला आणि मी लाजेने आक्रसलो, म्हणजे आक्रसावंसं वाटलं.

पण मला विसरता येत नाही तो तोक-सू. एकोणतीस वर्षांचा, मानेने बारीक, पर्सिमनच्या, म्हणजे त्या टोमॅटोसारख्या केशरी फळाच्या, बागा असलेल्या गावचा. नवं वर्ष लागलं की तिशी, आणि मग नवख्याला कुणी उभं करत नाही. म्हणून ही मुलाखत त्याची शेवटची. कंपनी फळं वाळवून विकणारी.

काकू माझी बाही टाचत होत्या. तो बोलता बोलता म्हणाला, “परवाच्या ओल्या हिवाळ्यात आमची वाळायला टांगलेली फळं बुरसायला लागली होती. मी सगळ्या शेजाऱ्यांचे पंखे गोळा केले. तीन दिवस झोपलो नाही. निम्मी वाचली.”

“मग हेच सांग की.”

“असलं कुणी सांगतं का, काकू? मुलाखतीच्या क्लासचे सर म्हणतात, पहिल्या मिनिटात स्वतःला एखाद्या वस्तूची उपमा द्यायची. मी मातीचं मडकं. मडकं श्वास घेतं, आतलं हळूहळू मुरवतं.”

“मडकं निदान गप्प बसतं,” काकू म्हणाल्या. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून जास्त बोलल्या नाहीत.

मुलाखतीला तिघांना शेजारी शेजारी बसवलं. तोक-सू शेवटचा. माझ्या आतल्या खिशात त्याने घरचं एक वाळलेलं फळ कागदात गुंडाळून ठेवलं होतं, धीर यावा म्हणून. पहिली मुलगी म्हणाली, मी दीपस्तंभासारखी. दुसरा उठला आणि म्हणाला, “मी मातीच्या मडक्यासारखा माणूस आहे. मडकं श्वास घेतं...”

क्लास एकच असणार. तोक-सूचं काळीज माझ्या अस्तरावर धडधडू लागलं. मला वाटलं, अरे, आता पाठांतर सोड. पण त्याची पाळी आली, तो उठला आणि शब्दन्‌शब्द तेच बोलला. मडकं, श्वास, मुरवणं.

मधल्या बाई हसल्या. पांढऱ्या केसांच्या, चष्मा नाकावर. “आज आमच्याकडे मडक्यांची रांगच लागली म्हणायची,” त्या म्हणाल्या. मग सावकाश विचारलं, “मडकं राहू दे बाजूला. तुम्ही स्वतः कधी काही वाळवलंय का?”

मित्रांनो, दार असं सताड उघडलं होतं. तोक-सूचा हात माझ्या छातीशी आला, खिशापर्यंत. मग थांबला. क्लासमध्ये सांगितलं होतं की असे प्रश्न म्हणजे सापळे असतात. त्याने हात खाली घेतला. “मला संधी दिलीत तर मी मनापासून मेहनत करीन.”

“शेवटी काही सांगायचंय?”

“नाही. आभारी आहे.”

बाईंनी कागद उलटा केला. मी नुसता त्याच्या खांद्यांवर ताठ उभा होतो. मला तेवढंच येतं.

चौथ्या दिवशी तो मला परत द्यायला आला. चेहऱ्यावरून काकूंना कळलं. सवयीने त्यांनी खिसे तपासले आणि ती पुडी निघाली.

“हे राहिलं की रे.”

“तुम्हीच खा, काकू.”

काकूंनी अर्धं मोडून तोंडात टाकलं. चघळता चघळता थांबल्या. “कुणी वाळवलं हे?”

“मी.”

“त्यांना दाखवलंस?”

उरलेलं अर्धं काकूंनी त्याच्या हातावर ठेवला. दोघं उभ्यानेच खात राहिले.

मित्रांनो, मला वापरल्यावर हँगरला लावा, माझे खिसे रिकामे करा, कच्चे टाके पाहून घ्या, एवढं तर मागतोच. पण त्याहून मोठं मागणं हे की जे तुम्ही स्वतः केलंय, ते खिशात ठेवून परत आणू नका. मी खांदे देऊ शकतो, वाचा नाही.

आज सकाळी एका नव्या मुलाने मला अंगावर चढवलं. काकू बाही टाचताहेत. तो आरशासमोर डोळे मिटून पुटपुटतोय, “मी मिठासारखा माणूस आहे...”