घरातली एकुलती एक कात्री

आमच्याकडे चांगली बातमी घडून जाईपर्यंत तोंडातून काढायची नाही. काढली की ती फिसकटते. आम्हा फिलिपिनो लोकांत याला उदलोत म्हणतात. आमच्या मावसभावाने जहाजावर नोकरी लागल्याचं गावभर सांगितलं, निरोपाच्या जेवणाला डुक्कर भाजलं आणि नाचता नाचता स्वतःचा पाय मोडून घेतला. जहाज गेलं, डुक्कर संपलं, भाऊ घरीच. तेव्हापासून आमच्या घराण्याने तोंडाला कुलूप लावलंय.

पेतांग माझी थोरली बहीण. थोरल्या बहिणीला आमच्यात आते म्हणतात. विनिपेगमध्ये आम्ही दोघी एका घरात राहतो आणि एकाच वृद्धाश्रमात राबतो, ती स्वयंपाकघरात आणि मी धुलाईत. कॅनडाच्या नागरिकत्वाचे अर्जही आम्ही एकाच संध्याकाळी, एकाच टेबलावर बसून पाठवले. मग सुरू झालं वाट बघणं. रोज सकाळी कॉफीच्या आधी वेबसाइट उघडायची, 'विचाराधीन' वाचायचं आणि मग कॉफी कडू लागायची. किती महिने लागतील याचा तिथला आकडा कधी फुगायचा, कधी आटायचा, अगदी माझ्या कमरेसारखा. चर्चबाहेर बायका "झालं का गं?" असं विचारायच्या, जणू आम्हाला नववा महिना लागलाय!

मला तशी घाई नव्हती. आतेला होती. तिची एकुलती एक मुलगी लुनिंग मिलानला असते आणि सप्टेंबरात तिचं लग्न होतं. आमच्या जुन्या पासपोर्टवर तिकडे जायला व्हिसा लागतो आणि व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळता मिळत नव्हती. इथला पासपोर्ट हातात आला तर सरळ विमानात बसायचं. आतेने लग्नासाठी जांभळा पोशाख शिवून घेतला होता, फुलपाखराच्या पंखांसारख्या उभ्या बाह्यांचा. तो चादरीत गुंडाळून दाराला टांगलेला असायचा.

"मला नाही नेलं ना याने लग्नाला, तर यातच पुरा मला," ती म्हणायची.

"त्या बाह्यांसकट? शवपेटीचं झाकण नाही लागायचं, आते."

जूनच्या अखेरीला मला ईमेल आला. पुढच्या मंगळवारी सकाळी शपथ, व्हिडिओवर, घरबसल्या. मी तळघराच्या जिन्यातच उड्या मारल्या. वर आले तर आते टॅब्लेटकडे टक लावून बसलेली.

"काही आलं का?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि टॅब्लेट पालथा घातला.

लग्न हिच्या लेकीचं आणि नंबर माझा लागावा? सांगितलं तर हिला लागेल, वर उदलोत होईल ते वेगळंच. मी म्हटलं, "मंगळवारी सुट्टी घेतलीय मी. दाढ दुखतेय."

"काय सांगतेस? मीही घेतलीय. पोटाचं काहीतरी आहे."

"मग डॉक्टरकडे जा की."

"तू जा दातवाल्याकडे."

घराबाहेर पडायला दोघीही तयार नव्हतो. सोमवारी संध्याकाळी मी केसांना कर्लर लावले, तर आते दारात उभी.

"दाढ दाखवायला केस कुरळे करून जातात?"

"आणि पोट बिघडलं की नखं रंगवतात?"

ती गपकन आत गेली. मला वाटलं, हिने या वयात कुणी म्हातारा गाठलाय! रागही आला आणि मजाही वाटली. बघू तरी, कसा आहे.

मंगळवारी मी तळघरात, वॉशिंग मशीनपाशी ठाण मांडलं. साबणाच्या डब्याला फोन टेकवला आणि घरातला चालणारा एकच चार्जर त्याला लावला. पडद्यावर ढीगभर चौकटी, चौकटीत नटूनथटून बसलेली माणसं. आपलं सोडून कुणाचं तोंड बघायला मला सवड नव्हती. एक हसरे साहेब एकेकाला पुकारत होते. माझं नाव आलं.

"तुमचं रहिवासी कार्ड कॅमेऱ्यासमोर धरा आणि कात्रीने कापा. नागरिकांना ते लागत नाही."

कात्री! आठवड्याआधी कळवलं होतं त्यांनी. मला कर्लर आठवले, कात्री नाही.

"आलेच हं, साहेब!" म्हणत फोन उपटून घेतला आणि वर पळाले. आमच्या घरात कात्री एकच. कोंबडी, कांद्याची पात, आतेच्या कपाळावरच्या बटा, सगळं तिनेच कापायचं. स्वयंपाकघरातला खिळा रिकामा! तेवढ्यात माझ्या फोनमधून साहेबांनी पुढच्या कुणाला तरी कार्ड कापायला सांगितलं आणि तेच शब्द, त्याच आवाजात, बाथरूममधूनही आले. पाठोपाठ आतेचा आवाज. "हो साहेब, कापतेय. पण कार्ड फार टणक आहे हो."

मी दार बडवलं. "आते! आत कोण आहे?"

"कुणी नाही! पोट दुखतंय!"

"पोटाला साहेब कधीपासून म्हणायला लागलीस?"

दार उघडलं. कमोडच्या झाकणावर आते बसलेली, जांभळ्या पोशाखात, पंख ताठ, ओठ लाल. शाम्पूच्या बाटल्यांमध्ये टॅब्लेट उभा. हातात कात्री. आणि तिच्या पडद्यावर एका चौकटीत एक बाई आ वासून उभी. ती मी होते.

"तू?"

"तूच की! दाढ काय म्हणतेय?"

हसता हसता माझं टॅब्लेटकडे लक्ष गेलं. बॅटरीची खूण लाल झालेली.

"आते, चार्जिंग!"

"चार्जर तूच नेलास ना, चोरटे!" तिचा आवाज एकदम रडवेला झाला. "हे बंद पडलं तर माझा नंबर जाईल गं. परत कधी बोलावतील कोण जाणे. लुनिंगचं लग्न..."

पुढचं ऐकायला मी तिथे नव्हते. एका दमात तळघर, एका दमात वर, वाटेत एक चप्पल गमावली. आरशाजवळच्या प्लगात चार्जर खुपसला, पण वायर आखूड. मग आतेनेच उठून टॅब्लेट आरशाला टेकवला. पडदा मंदावला, पार काळवंडला आणि भक्कन उजळला. आम्ही दोघी किंचाळलो.

"तुम्ही दोघी एकाच घरात आहात का?" साहेबांनी विचारलं.

"एकाच बाथरूममध्ये आहोत, साहेब. सख्ख्या बहिणी. कात्री एकच आहे."

त्यांनी तोंडावर हात धरला, पण खांदे गदगदत होते. आतेने आपलं कार्ड कापलं आणि मग तिच्या हातातली कात्री घेऊन मी माझं. मग पडद्यावर शपथ द्यायला न्यायाधीशबाई आल्या. उजवे हात वर झाले आणि आतेचा पंख माझ्या कुरळ्या केसांत अडकला. तशाच अडकलेल्या आम्ही शपथ घेतली. प्रत्येक शब्द फोनमधून एकदा आणि टॅब्लेटमधून एकदा, त्यामुळे मी दोनदा नागरिक झाले असं मला अजून वाटतं.

"अभिनंदन!" बाई म्हणाल्या. आते पडद्यावर झुकली.

"बाईसाहेब, आता पक्कं ना? मोडणार नाही ना? आता सांगितलं तर चालेल?"

"आता झालंच की. खुशाल सांगा."

आतेने खिडकी उघडली, एक पंख बाहेर काढला आणि गवत कापणाऱ्या शेजारच्या कोवालचुकआजोबांना ओरडून सांगितलं, "मी लुनिंगच्या लग्नाला जातेय!" त्यांना मशीनच्या आवाजात काय ऐकू आलं देव जाणे, पण त्यांनी टोपी काढून हलवली.

मग तिने मिलानला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. आते म्हणाली, "बाळा, पुढच्या रांगेत एक खुर्ची ठेव माझ्यासाठी."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"आई, खुर्ची पहिल्या दिवसापासून धरून ठेवलीय मी," लुनिंग म्हणाली. "तुला बोलले नाही. म्हटलं, उगाच उदलोत व्हायचा."